आवाज धरणारी

१

भांडायचं तर हौदावर, एरवी घरात शांतता, असा ओदेतचा संसार चालला होता. वर्षभर नवऱ्यावरचा राग ती लोणच्यासारखा मुरत ठेवायची आणि द्राक्षं तोडून झाली, हौद भरला, की बरणी उघडायची. रेमों हौदात, ही बाहेर स्टुलावर. तो पळून जाणार कुठं?

कुर्तीलचा मळा म्हणजे चारी बाजूंनी दगडी भिंत आणि आत मूठभर जमीन. पण त्या जमिनीतल्या लाल वाइनसाठी पॅरिसचे बडे लोक यादीत नाव लावून ताटकळत बसायचे. जपानहून माणसं यायची, भिंतीला हात लावून फोटो काढायची आणि एकही बाटली न मिळता वाकून नमस्कार करून जायची. सगळ्या मळ्याचा मिळून एकच हौद भरायचा. ओकच्या फळ्यांचा, पुरुषभर उंचीचा. तो बिघडला तर वर्ष गेलं.

हौदातला रस आपला आपण उकळायला लागतो. खाली चूल नाही, काही नाही. मग साली वर येतात आणि त्यांचा जाड थर बसतो. त्याला घरात टोपी म्हणत. ही टोपी सुकली की सगळ्याचा व्हिनेगर होतो. म्हणून सकाळी एकदा, दुपार कलली की एकदा, कुणीतरी अनवाणी हौदात उतरायचं, वरच्या आडव्या दांड्याला लोंबकळायचं आणि टोपी पायांनी खाली दाबायची. दुसरीकडे यंत्रं आली. कुर्तीलमध्ये नाही. म्हातारा फिलिबेर, म्हणजे ओदेतचा सासरा, म्हणायचा, "यंत्राला पाय असतात का? मग?"

आता यात मरण आहे. उकळत्या रसावर जड हवा साचते. तिला वास नाही, रंग नाही. माणूस ओरडतसुद्धा नाही, नुसता गुडघ्यात वाकतो आणि जातो. म्हणून आधी मेणबत्ती सोडायची. ती जळाली तर माणूस उतरायचा. आणि दुसऱ्यानं बाहेर हौदाला लागून स्टुलावर बसायचं. बसलेल्याला आतलं काही दिसत नाही, हौद उंच. म्हणून त्यानं आवाज धरायचा. धरायचा म्हणजे आतल्याला बोलतं ठेवायचं. उत्तर येतंय तोवर माणूस आहे.

जुनी माणसं बोलायची नाहीत, गायची. आतला आणि बाहेरचा, दोघं मिळून, एकच गाणं.

*डावा पाय, उजवा पाय,
लाल नदीला तळ नाय.*

ओदेत लग्न होऊन आली त्याच वर्षी तिनं सांगून टाकलं, "माझा गळा म्हणजे गंजकी बिजागरी. मी गायले तर व्हिनेगर व्हायची वाट बघायला नको. मी बोलेन." आणि ती बोलली. रेमोंही काही कमी नव्हता. ती इथून तोंड सोडायची, तो तिथून. कुणी कुणाचं ऐकायचं नाही, एकाच्या वाक्यात दुसऱ्याचं वाक्य घुसलेलं. अंगणातल्या कोंबड्या लांब पळायच्या. इतकी वर्षं असं चाललं आणि वाइनला कुणी नाव ठेवलं नाही.

२

त्या वर्षी रेमों शिडीवरून घसरला. हौद उकळायला लागून थोडेच दिवस झाले होते. गुडघा असा सुजला की पाय खुर्चीवर ठेवून बसण्यापलीकडे तो काही करू शकेना.

"मी तुडवते," सोलेन म्हणाली.

सोलेन ही त्यांची एकुलती एक लेक. शहरात शिकली, चांगली नोकरी होती, ती सोडून मळ्यासाठी परत आली होती. म्हातारा पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवत राहिला, त्यानं वर पाहिलं नाही.

"बाईचा पाय पडला की वाइन आंबते."

"आजोबा, वाइन म्हणजे आंबलेला रसच असतो."

रेमों फिस्सकन हसला. म्हाताऱ्याला हसू आलं नाही. "ठीक. उतर. हौद चांगला निघाला तर मळा तुझा. नाही निघाला तर तुझ्या त्या शहरात परत जा, तिथं बाटलीतून पी."

ओदेतनं टेबलावर हात आपटला. "ऐकलं ना सगळ्यांनी? आता शब्द फिरवायचा नाही हं, बाबा."

लेकीला मळा मिळावा ही तिचीच इच्छा जास्त होती. ती स्वतः या घरात इतकं राबली, पण मळ्याच्या बाबतीत तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. लेकीला तरी विचारतील.

उठताना म्हातारा एवढंच म्हणाला, "सूनबाई, पोरगी उतरतेय तर गा. बोलू नकोस."

"तुमचं गाणं तुम्हीच गा."

सोलेन उतरली. जुनी चड्डी, बापाचा फाटका सदरा, केस वर बांधलेले. मेणबत्ती सरळ जळत होती. ओदेत स्टुलावर बसली आणि बोलायला लागली. पण लेकीशी काय भांडणार? तिनं आपलं साधं विचारलं. गरम आहे का? पाय घसरत नाही ना? मग वाट बघायची. मग उत्तर यायचं, आहे गं, नाही गं. मग पुढचं विचारायचं. किती छान चाललंय, असं तिच्या मनात आलं. नवऱ्याबरोबर इतक्या वर्षांत एकदाही असं धड बोलणं झालं नव्हतं.

"मोहरीची बरणी कुठं गेली कुणास ठाऊक," ती म्हणाली. "सकाळपासून शोधतेय."

"खिडकीत बघ. पडद्यामागं."

बरणी खिडकीतच होती, पडद्यामागं. जेवताना ओदेतनं सशाच्या रश्श्यात मोहरी घातली आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंस."

"काय सांगितलं?"

"बरणी. खिडकीत आहे म्हणून."

सोलेननं घास तोंडाशी धरला. "मी कधी म्हटलं? मला काय माहीत तुझी बरणी?"

"अगं, हौदात म्हणालीस की."

"आई, मला तर वाटलं तू झोपलीस. तुझा आवाजच येईना. मीच ओरडत होते, आई आहेस ना, आई आहेस ना."

रेमों म्हणाला, "बापाची पोरगी. हौदातलं बोलणं घरी आणत नाही." सगळे हसले. ओदेतही हसली. पण रश्श्याची चव तिला कळली नाही.

३

ओदेत भित्री बाई नव्हती. मळ्यातला साप ती फावड्यानं मारायची आणि वर शिव्या द्यायची. तिनं विचार केला आणि तिला कारणही सापडलं. जड हवा. थोडी डोक्यात गेली की माणूस बोललेलं विसरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे पोरीला हवा लागतेय. मेणबत्ती जळतेय, पण तरी लागतेय. मग जास्त बोलायचं, जास्त लक्ष ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्टुलावर बसली आणि हौदाच्या फळ्यांवर तळहात टेकला. पाय आत पडले की लाकूड हलकं थरथरतं. थरथरत होतं. धप. धप. पोरगी काम करतेय.

"सोलेन?"

"हं, आई."

"डोकं जड नाही ना होत?"

"मुळीच नाही. तू बोल ना. तू बोललीस की बरं वाटतं."

ओदेतला बरं वाटलं. ती बोलत राहिली. आपल्या आईबद्दल बोलली, बोन गावच्या बाजारातल्या चीजवाल्याबद्दल बोलली, जो लग्नाआधी तिच्या मागं होता आणि आता ज्याला दारातून आत शिरायला तिरकं व्हावं लागतं. आतून हसू आलं. गोड, बारीक हसू. बराच वेळ असा गेला आणि मग तिच्या लक्षात एक गोष्ट आली. आली आणि जाईना.

आवाजाला धाप नव्हती.

कमरेएवढ्या गरम चिखलात पाय ओढायचे म्हणजे काय असतं ते रेमोंला विचारावं. तो हौदात भांडायचा तेव्हा दर दोन शब्दांना बैलासारखा फुसफुसायचा. ही मात्र अशी बोलत होती, जशी खुर्चीत बसून स्वेटर विणतेय.

आणि दुसरं. हौदातल्या माणसाचा आवाज वरून येतो, काठावरून. हा वरून येत नव्हता. तो फळ्यांतून येत होता, ओदेतच्या कानाच्या उंचीवर. तिथं आत माणूस नसतो. तिथं आत नुसता रस असतो.

लाकूड आवाज नेतं, तिनं स्वतःला समजावलं. पिंपाला कान लावला की आतलं ऐकू येतंच की.

"दमली नाहीस का गं?"

"नाही. तू दमलीस? जवळ सरक ना."

ओदेतनं फळ्यांवरचा हात काढून घेतला. का काढला ते तिला सांगता आलं नसतं.

थोड्या वेळानं सोलेन शिडीवरून उतरली. कमरेपर्यंत लाल, तोंड लाल, छाती भात्यासारखी वरखाली होतेय. बादलीला धरून ती वाकली, आणि बराच वेळ तिच्या तोंडून शब्दच फुटेना. हातानंच खूण केली, पाणी.

पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "आज पण गप्प बसलीस. जीव जाईल माझा, तरी तू म्हणशील, बरं झालं, शांत आहे पोरगी."

ओदेतनं तिला आणखी पाणी ओतून दिलं. लेकीला घाबरवायचं नाही. मळा हातातून जाईल.

४

त्याच दिवशी, दुपार कलल्यावर, ओदेत आधीच हौदाच्या खोलीत गेली. दार उघडं ठेवलं. बाहेर ऊन होतं, अंगणात कोंबड्या चरत होत्या, सगळं जिथल्या तिथं. तिनं मेणबत्ती पेटवून दोरीनं आत सोडली. जळत राहिली. सवयीनं ती स्टुलावर बसली, आणि सवयीनंच तोंडातून निघालं,

"उतरलीस का?"

"कधीच," सोलेन म्हणाली.

"मला दिसली नाहीस."

"तू मेणबत्तीत गुंग होतीस. आई, काल त्या चीजवाल्याचं अर्धंच सांगितलंस."

"काल कुठं? आज सकाळी." ओदेत हसली. "त्याचं काय सांगायचं? मेला बाजारात सगळ्यांसमोर—"

"आई, कुणाशी बोलतेस?"

दारात सोलेन उभी होती. खांद्यावर टॉवेल, हातात अर्धं सफरचंद. पाय कोरडे, पांढरे.

ओदेत लेकीकडे बघत राहिली. मग हौदाकडे. मग पुन्हा लेकीकडे. हौदातून काही आवाज आला नाही. जो कोणी होता तो ऐकत होता.

ती शिडीवर चढली. आत टोपी होती, सुकत आलेली, भेगा पडलेली. वर मेणबत्ती, सरळ. बाकी काही नाही.

"बाहेर हो," ती खाली उतरून म्हणाली. "आज तुडवायचं नाही."

"काय? टोपी बघितलीस? उद्यापर्यंत भाकरीसारखी कडक होईल!"

"होऊ दे."

"होऊ दे? आजोबा हेच बघत बसलेत! बाईचा पाय, बाईचा पाय! आणि तू, तूच मला..." सोलेनच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. "खरं कारण सांग."

आता काय सांगणार? तुझ्याआधी तूच आत होतीस, हे?

"मला बरं नाही. उद्या मी उतरते, बापाला स्टुलावर बसवते. तू आत पाय ठेवायचा नाहीस. थोबाड फोडीन."

सोलेननं सफरचंद अंगणात भिरकावलं. कोंबड्या धावल्या.

५

दिवस मावळायला अजून अवकाश होता. ओदेत स्वयंपाकघरात कांदे कापत होती. हात चालला की डोकं शांत होतं. रेमों खुर्चीवर पाय ठेवून पेपर वाचत होता. म्हातारा आतल्या खोलीत कलंडला होता. खिडकी उघडी होती, आणि खिडकीतून अंगणापलीकडचं हौदाच्या खोलीचं दार दिसत होतं. ते तिनं ओढून घेतलं होतं. आता उघडं होतं.

आणि बोलण्याचा आवाज येत होता.

सोलेन बोलत होती, धापा टाकत. तिचा आवाज ओळखायला नको. "हो... हो... इथं मऊ आहे."

दुसरी एक बाई तिला काहीतरी विचारत होती. जाड, खडबडीत आवाजाची बाई. प्रेमानं बोलत होती, पण असं, जसं प्रेमानं बोलायची तिला सवय नाही. विचारायची, मग थांबायची, मग सोलेनचं उत्तर.

कार्टी उतरलीच, ओदेतला आधी वाटलं. मग वाटलं, बरं झालं, एकटी तरी नाही, कुणाला तरी बसवलंय. शेजारची? शेजारणीचा आवाज असा नाही. तोडणीची बायामाणसं तर कधीच गेली.

"रेमों, ही कोण बाई आहे रे पोरीबरोबर?"

रेमोंनं पेपर खाली केला. कान दिला. तिच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे, मग पुन्हा तिच्या तोंडाकडे, जसं ते तोंड बंद आहे ना हे त्याला नीट बघायचं होतं.

"काय बघतोस? कोण आहे ती?"

रेमोंनं सुजलेला पाय खुर्चीवरून खाली घेतला.

"ओदेत," तो म्हणाला, "ती तू आहेस."

६

अंगण तिनं कसं ओलांडलं ते तिला आठवत नाही. सुरी हातातच होती. दारात तिनं ती टाकली, शिडी धरली आणि चढली.

काठाशी मेणबत्ती लटकत होती. जळत होती, सरळ, शांत, जशी चर्चमध्ये जळते. हवा चांगली होती. म्हणजे हवेला दोष देता येईना.

सोलेन उभी नव्हती. दांड्याला कुणी धरलेलं नव्हतं. ती टोपीत गुडघ्यांवर बसली होती, गळ्यापर्यंत आत, आणि मान वाकवून तिनं एक कान सालींवर टेकला होता. डोळे मिटलेले. ओठांवर हसू. लहानपणी ताप यायचा तेव्हा आईच्या मांडीवर ती अशीच कान टेकून पडायची.

आणि तिच्या कानाखाली, सालींच्या त्या काळ्या थरात, एक भेग होती. ती उघडत होती आणि मिटत होती.

"अजून थोडं," भेग म्हणाली. ओदेतच्या आवाजात म्हणाली. "अजून थोडं खाली, पिसू."

पिसू. हे नाव घरातही कुणाला माहीत नव्हतं. पोरगी पाळण्यात होती तेव्हा रात्री एकटीच असताना ओदेत तिला तसं म्हणायची. कुणी ऐकलं तर हसेल म्हणून हळूच, तिच्या कानात.

ओदेत काठावर पालथी पडली आणि हात खाली घातला. लेकीचे बांधलेले केस मुठीत आले. तिनं ओढलं. असं ओढलं की केसांचं काय होईल, मानेचं काय होईल, काही बघितलं नाही. खालून काहीतरी जड होतं. चिखलच असेल. गाळ पाय धरून ठेवतो, रेमों नेहमी म्हणायचा. तिनं दुसरा हात सोलेनच्या काखेत घातला, दात काठाच्या लाकडात रोवल्यासारखे आवळले आणि पुन्हा ओढलं. एकदम सुटलं. दोघी शिडीसकट खाली फरशीवर पडल्या.

सोलेनचं तोंड ओदेतच्या छातीत दाबलेलं होतं. ती खोकत होती, लाल पाणी ओकत होती. तिच्या तोंडून शब्द निघणं शक्य नव्हतं.

तरी हौदातून सोलेन म्हणाली, "आई, मी ठीक आहे. तू बस ना. कुठं चाललीस?"

ओदेतनं लेकीला पायांना धरून उंबऱ्याबाहेर फरफटत नेलं. जशी ओली गोणी न्यावी तशी. रेमों एका पायावर लंगडत अर्ध्या अंगणात आला होता. तिनं दार लावलं, कडी घातली, आणि कडीत हाताशी होता तो फावड्याचा दांडा अडकवला.

७

सोलेनला घोंगडीत गुंडाळून चुलीजवळ बसवली. सूपचा वाडगा तिच्या हातात दिला, तो हातात राहीना, ओदेतनं धरला. लाल ओघळ फरशीवर सुकत होते. पुसायला कुणी उठलं नाही.

"का उतरलीस?" ओदेतचा आवाज चढला. तिला ओरडायचं नव्हतं, पण भीती बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती. "थोबाड फोडीन म्हटलं होतं ना? एकटी उतरलीस?"

"एकटी कुठं?" सोलेन तिच्याकडे बघत राहिली. भाबडेपणानं, गोंधळून. "तूच हाक मारलीस ना. मी अंगणात होते. तू आतून म्हणालीस, चुकलं माझं, ये, मी बसलेय स्टुलावर. मी आत आले तर स्टूल रिकामं. मला वाटलं हौदाच्या पलीकडे गेली असशील. आणि मग तू बोलतच होतीस. आज पहिल्यांदाच इतकं बोललीस." तिनं घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली. "तूच म्हणालीस खाली ये म्हणून."

रेमोंनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला, तो तिथंच राहिला.

म्हातारा केव्हाचा दारात उभा होता. कपडे चुरगळलेले, डोळ्यांत झोप. तो आला आणि आपल्या खुर्चीत बसला. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"तुम्हाला माहीत होतं," ओदेत त्याच्यावर धावून गेली. "माहीत होतं तुम्हाला! गा म्हणे! तोंड उघडून सांगायला काय झालं होतं, म्हातारड्या?"

इतक्या वर्षांत तिनं सासऱ्याला असं म्हटलं नव्हतं. म्हाताऱ्यानं ते गिळलं.

"मला काही माहीत नाही," तो म्हणाला. "मला गायला शिकवलं. मी गायलो. का, ते विचारलं नाही." तो आपले हात बघत होता. "तू आलीस, बोलायला लागलीस. मी दाराआड उभा राहून ऐकायचो. पण तुम्ही दोघं तर भांडायचात. एकमेकांच्या तोंडावर तोंड. मध्ये सुई शिरायला जागा नाही. म्हटलं, असंही चालत असेल. मला शिकवलं होतं ते एवढंच, थांबायचं नाही. विचारून वाट बघायची नाही."

ओदेत खाली बसली. ती लेकीशी कशी बोलली होती ते तिला आठवलं. छान. शांतपणे. विचारायची आणि वाट बघायची. दर वेळी जागा सोडायची, पुरेशी.

"उद्या हौद सोडून देऊ," रेमों म्हणाला. "गटारात. सगळा."

एरवी हे वाक्य त्या घरात कुणी उच्चारलं असतं तर म्हाताऱ्यानं काठी उचलली असती. तो मान हलवून हो म्हणाला. सोलेननं डोळे मिटले. मळा, वर्ष, पॅरिसची माणसं, कुणाला काही सुचत नव्हतं.

बाहेर उजेड विटत चालला होता. चुलीत लाकूड फुटलं. आणि त्या शांततेत अंगणापलीकडून आवाज आला. दार बंद होतं, तरी स्पष्ट.

दोघी बोलत होत्या. ओदेत आणि सोलेन. मायलेकी कशा कामात असताना बोलतात तशा. मोहरीचं काहीतरी. चीजवाल्याचं काहीतरी. मग हसणं, बारीक आणि जाड, एकत्र.

स्वयंपाकघरात ओदेतनं सोलेनचा हात घट्ट धरला. दोघींची तोंडं बंद होती. रेमों एकीकडे बघायचा, मग दुसरीकडे.

"रेमों," तिकडून ओदेतनं हाक मारली. सरळ, रोजच्यासारखी. "रेमों, ऐकतोस ना?"

आणि आवाज थांबला.

तो संपला नव्हता, थांबला होता. अंगणभर, भिंतीपर्यंत, सगळं उत्तराची वाट बघत होतं. रेमोंचे ओठ हलले. इतक्या वर्षांची सवय. बायकोनं हाक मारली की ओ द्यायची. ओदेतनं उठून त्याच्या तोंडावर पंजा दाबला. तरी त्याच्या घशात 'ओ' तयार झालेला तिला हाताला लागला.

तेव्हा म्हातारा गायला लागला. फाटक्या, थरथरत्या आवाजात.

*डावा पाय, उजवा पाय...*

ओदेत, जिचा गळा म्हणजे गंजकी बिजागरी, जी लग्नात गायली नाही, बारशाला गायली नाही, तिनं तोंड उघडलं आणि गायली. किंचाळलीच. सोलेन घोंगडीतून गायली, दात वाजत असताना गायली. रेमोंच्या तोंडावरचा हात निघाला तसा तोही गायला. टेबलावर मुठी आपटत, पाय आपटत, एकमेकांचे चेहरे बघत, ओठ हलताहेत ना हे बघत. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा. मध्ये जागा सोडायची नाही. बाहेर काही ऐकू येईनासं झालं. ओदेतला रडू फुटलं, तरी ती गात होती, आणि तिला वाटलं, जमलं. सकाळपर्यंत गाऊ. लागलं तर जन्मभर गाऊ.

*डावा पाय, उजवा पाय,
लाल नदीला...*

माणसाला श्वास घ्यावा लागतो. चौघांनाही तो एकदमच घ्यावा लागला. चौघांची तोंडं उघडी राहिली, छाती वर गेली, आणि एवढ्याशा वेळापुरतं त्या स्वयंपाकघरात कुणीही गात नव्हतं.

गाणं थांबलं नाही.

अंगणापलीकडून ते चौघं पुढची ओळ म्हणत होते. म्हातारा, रेमों, सोलेन आणि ओदेत. धाप न लागता. सुरात.